शब्द कुणाचा?

‘किरण’ हा शब्द आधी कागदावर बघा आणि मग मोबाइलवर टाइप करा. कागदावर डोळ्यांना सगळ्यात आधी दिसते ती वेलांटी, क तिच्यानंतर. टाइप करताना मात्र आधी क दाबावा लागतो, मग वेलांटी, आणि ती वेलांटी टुणकन उडी मारून क च्या डावीकडे जाऊन बसते. जुन्या देवनागरी टंकलेखन यंत्रावर हे सगळं उलटं होतं. तिथे आधी वेलांटी ठोकायची, मग क. यंत्राचा हिशेब सरळ होता: खिळा आदळतो, कागद सरकतो, जे डावीकडे ते आधी.

संगणकासाठी युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची सामाईक पद्धत, ठरलं तेव्हा दुसरा पक्ष घेतला गेला. तोंडातून आधी क् निघतो, ‘इ’ त्याच्यामागून. म्हणून साठवायचं उच्चाराच्या क्रमाने, दिसायचं कसं ते फॉन्टने बघून घ्यावं.

लिहिलेली भाषा म्हणजे नेमकं काय, दिसणारा आकार की ऐकू येणारा आवाज? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभेल असा आहे. पण या दोन यंत्रांनी त्याचं उत्तर कधीच देऊन टाकलं आहे, आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत. टाइप करणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

तंत्रज्ञान बाहेरून येतं आणि चांगल्या नांदत्या भाषेची वाट लावतं, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला ते चित्र पुरेसं वाटत नाही. भाषेला हात लावणारं प्रत्येक यंत्र भाषेबद्दलचं एक मत सोबत घेऊन येतं. भाषेतलं काय मोलाचं आणि काय गाळलं तरी चालेल हे ते ठरवतं. ते मत आपल्याला दिसत नाही, एवढंच.

का दिसत नाही, याचं एक सोपं उत्तर मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली दिलं. (हायडेगरचं बाकी फारसं काही सोपं नाही, तेव्हा हे मिळतंय तर घ्यावं.) खिळा ठोकणाऱ्या सुताराचं लक्ष खिळ्यावर असतं, हातोड्यावर नसतं. हातोडा नीट चालतो तोवर तो हाताचाच भाग असतो. दांडा सैल झाला की मग त्याच्याकडे नजर जाते.

मराठी लिहिणाऱ्यांनी असा सैल दांडा भरपूर अनुभवलाय. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ज्या फॉन्टला किंवा कळफलकाला हा ‘ऱ्य’ ठाऊकच नव्हता, त्यात दऱ्याखोऱ्यांत हिंडणारा माणूस थेट समुद्रात पडायचा, आणि आचाऱ्याला दिलेली सूचना आचार्यांपर्यंत पोचायची. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर. संगणकाच्या लेखी ते चार तुकडे, क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. ‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याचा क्षय होत नाही ते. चार तुकड्यांत साठवलेल्या गोष्टीला आपण अजून तेच नाव देतो, याची मला गंमत वाटते.

एसएमएसचं उदाहरण तर आकड्यांतच मांडता येतं. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट जागा होती. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला ७ बिट पुरत, म्हणून १६० अक्षरं मावत. देवनागरीसाठी प्रत्येक खुणेला १६ बिट लागत, म्हणून फक्त ७०, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाई. एका ‘क्षि’मध्ये चार खर्ची पडत. ‘kashi ahes’ असं रोमनमध्ये लिहिण्याची सवय लागली त्याला इतरही कारणं होती, पण आळस किंवा न्यूनगंड एवढंच म्हणून ती निकालात काढता येत नाही. त्या १४० बाइटांतही एक मत दडलेलं होतं.

तंत्र, यंत्र, मंत्र

एवढं वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, पण भाषा नैसर्गिक आणि यंत्र कृत्रिम, हा फरक तर राहतोच ना? थोडा राहतो. बोलणं मूल कुणी वर्ग न घेताही शिकतं, लिहिणं शिकवावंच लागतं. मात्र त्या दोहोंमधली रेघ वाटते तितकी ठळक नाही.

संस्कृतात ‘त्र’ हा शेवट साधन दाखवतो. जे नेतं ते नेत्र, ज्याने झाकायचं ते वस्त्र, ज्याने कापायचं ते शस्त्र. यम् म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. त्याचं साधन यंत्र. तन् म्हणजे ताणणं. माग किंवा मागावरचे ताणलेले धागे म्हणजे तंत्र. आणि मन् म्हणजे विचार करणं, त्याचं साधन मंत्र. यंत्र आणि मंत्र एकाच साच्यातून निघालेत. एक लाकडालोखंडाचं, दुसरं शब्दांचं.

हा नुसता व्युत्पत्तीचा खेळ नाही. वेदपठणाच्या पद्धती बघा. ओळीतले शब्द क, ख, ग असे आहेत असं धरू. जटापाठात ते ‘कख, खक, कख’ असे म्हणायचे, घनपाठात ‘कख, खक, कखग, गखक, कखग’. मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. एखादा शब्द निसटला किंवा स्वर चुकला तर उलटसुलट म्हणताना तो लगेच पकडला जातो. आज माहिती पाठवताना चूक पकडण्यासाठी जादा खुणा जोडतात, त्यामागची युक्ती साधारण हीच. तारा नाहीत, वीज नाही, कागदही नाही. नुसता श्वास आणि वर्षानुवर्षांचा सराव. याला तंत्रज्ञान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

उलट लेखन, ज्याला आपण भाषेचं सगळ्यात जवळचं तंत्र समजतो, ते भाषेसाठी जन्मलंच नव्हतं. इसवी सनापूर्वी ३३००च्या सुमाराच्या, आजच्या इराकमधल्या उरुक शहरातल्या मातीच्या पाट्यांवर आहे ती हिशेबवही: धान्य, मेंढरं, बिअर, कुणाला किती. त्यात वाक्यं नाहीत. बोलणं टिपायला लेखन शिकलं ते पुष्कळ नंतर.

बापाविना शब्द

लेखनावरची सगळ्यात गाजलेली टीका प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आहे, इसवी सनापूर्वी ३७०च्या आसपासची. सॉक्रेटिस एक इजिप्शियन गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाचा देव राजा थॅमसपुढे आपले शोध मांडतो. लेखनाची पाळी येते तेव्हा म्हणतो, यामुळे लोकांची स्मरणशक्ती आणि शहाणपण वाढेल. राजा म्हणतो, उलटं होईल. लोक बाहेरच्या खुणांवर विसंबतील आणि आठवणं विसरतील; शहाणे न होता शहाण्यासारखे दिसतील.

ही गोष्ट हल्ली फार वापरली जाते, बहुतेकदा ‘बघा, नव्या तंत्राला लोक कायमच घाबरत आलेत’ असं म्हणण्यासाठी. (प्लेटोने हे लिहून ठेवलं, हा विनोदही जोडीला असतोच.) पण राजाचं म्हणणं मला त्या संवादातलं तितकंसं धारदार वाटत नाही. धारदार आहे ते सॉक्रेटिस लगेच पुढे बोलतो ते. तो लेखनाची तुलना चित्राशी करतो. चित्रातली माणसं जिवंत वाटतात, पण त्यांना काही विचारा, गप्प बसतात. लिहिलेले शब्दही तसेच. प्रश्न विचारला तर पुन्हा तेच तेच सांगतात. समोर कोण आहे, कुणाशी बोलावं, कुणाशी नाही, हे त्यांना कळत नाही. आणि त्यांच्यावर कुणी अन्याय केला तर त्यांना बापाची मदत लागते, कारण स्वतःचा बचाव त्यांना करता येत नाही.

म्हणजे तक्रारी दोन आहेत. एक, लिखित शब्द उत्तर देत नाही. दोन, तो बापापासून तुटलेला असतो. ज्याने उच्चारला तो जवळ नसतो. जवळजवळ २,४०० वर्षं या दोन तक्रारी जोडीने चालत आल्या. पहिली अगदी अलीकडे मोडली. आज चॅटबॉटमधला लिखित मजकूर उत्तर देतो, समोरचा कोण हे ओळखून सूर बदलतो, स्वतःचा बचावसुद्धा करतो. दुसरीचं काय झालं, ते शेवटाकडे बघू.

त्याआधी राजा थॅमसच्या शंकेचा एक धागा. लेखनाने विचार करण्याची रीत बदलते का? १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानात गेला. निरक्षर शेतकऱ्यांना त्याने एक कोडं घातलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं तिथे, सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक ठिकाण दूर उत्तरेला आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तरं साधारण अशी आली की मला काय माहीत, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय असं विचारलं तर ते म्हणत की सगळी एकत्रच लागतात. ओंडका नसेल तर करवतीचं करायचं काय?

यावरून ‘अक्षरओळख आली की अमूर्त विचार आला’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. न पाहिलेल्या अस्वलाबद्दल ठामपणे बोलायचं नाही, ही काही विचारातली उणीव नव्हे. शिवाय पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांचा अभ्यास केला, तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती ते शाळेत न जाता शिकतात. तिथे दिसलं असं की नुसती लिपी येण्याने विचारात सरसकट मोठा बदल होत नाही. कोड्याची ‘बरोबर’ उत्तरं द्यायची सवय बरीचशी शाळा लावते. म्हणजे यंत्र एकटं काही करत नाही. त्याच्याभोवती उभी राहणारी व्यवस्था करते. लेखनाच्या जागी पुढचं कोणतंही यंत्र ठेवा, प्रश्न इथेच घुटमळतो.

हिशेब करू या

भाषेकडे नियमांनी चालणारी गोष्ट म्हणून बघणाऱ्यांत पाणिनी सगळ्यांच्या पुढे, आणि तेही दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी. त्याच्या अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रं आहेत. ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर, ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. दोन नियम एकाच जागी लागू पडून भांडायला लागले तर नंतरचा नियम जिंकेल, असाही नियम त्यात आहे. शब्द आत टाकला की एकेक पायरी चढत रूप बाहेर येतं. आज्ञावली लिहिणारे पाणिनीवर का भाळतात ते लगेच कळतं. पण पाणिनीने मर्यादा पाळली. शब्दाचं रूप शुद्ध आहे का एवढंच तो सांगतो. वाक्य खरं आहे का, हे त्याच्या सूत्रांचं काम नाही.

सतराव्या शतकात लाइबनिट्स या जर्मन तत्त्वज्ञाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याचं स्वप्न अशा भाषेचं होतं जिच्यात प्रत्येक कल्पनेला एक खूण असेल आणि मतभेद झाले की दोन तत्त्वज्ञ आवाज न चढवता म्हणतील, ‘चला, हिशेब करू या’. गणन करणारं यंत्रही त्याने स्वतः घडवलं होतं. भाषेतली संदिग्धता हा दोष आहे आणि तो काढून टाकता येईल, असं हे मत.

ते मत आज संगणकाच्या भाषांत खरं झालंय, आणि खरं झाल्यावर त्याची किंमतही कळली आहे. संगणकाच्या भाषेत गैरसमज होत नाही. तुम्ही सांगता तेच ते यंत्र करतं, आणि नेमकी तिथेच बहुतेक गोची असते, कारण तुम्हाला म्हणायचं दुसरंच काही असतं. घरात कुणी ‘गार वारा येतोय’ म्हटलं तर आपण उठून खिडकी लावतो. हवामानाची नोंद झाली असं समजून बसून राहणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. बोलण्याचा केवढा तरी भाग असा न बोललेला असतो. जुन्या आज्ञावलीला तो दिसतच नव्हता. माणसालाच यंत्राच्या पातळीवर येऊन, सगळं उघड करून, स्वल्पविरामासकट सांगावं लागे.

शब्दाची संगत

आजची बोलणारी यंत्रं या वाटेने आली नाहीत. त्यांची वाट वेगळीच, आणि सुरुवातीला पार क्षुल्लक वाटणारी.

१९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येव्गेनी अनेगिन’ या पद्य कादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं घेतली आणि हाताने मोजली. स्वर किती, व्यंजनं किती, स्वरामागून स्वर येण्याची शक्यता किती, व्यंजनामागून किती. प्रेम, द्वंद्वयुद्ध, पश्चात्ताप, कशाशीच त्याला देणंघेणं नव्हतं. आत्ताचं अक्षर कळलं तर पुढच्याबद्दल काय सांगता येतं, एवढंच हवं होतं. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशवहनाचं गणित मांडताना सुरुवातीलाच स्पष्ट केलं की संदेशाला अर्थ असतो खरा, पण अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. प्रामाणिक वाक्य आहे. ‘माझ्या कामापुरतं मी हे बाजूला ठेवतो’ असं तो म्हणतोय. बाजूला ठेवलेली गोष्ट पुढे लोकांच्या लेखी नसलेलीच झाली, तो दोष त्याचा नव्हे.

१९५७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थने म्हटलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. ढवळ्याशेजारी पवळ्याला बांधणाऱ्या आपल्या भाषेला यात नवल वाटू नये. आजचं भाषेचं यंत्र याच विचारावर उभं आहे. त्याला प्रचंड मजकूर देतात. वाक्याचा पुढचा तुकडा झाकायचा, यंत्राने तो ओळखायचा, चुकलं की आतले अगणित आकडे किंचित हलवायचे, पुन्हा ओळखायचा. अब्जावधी वेळा. २०१७ मध्ये अशी रचना पुढे आली जी शब्दाची संगत बघताना शेजारच्या दोनचार शब्दांवर थांबत नाही, मागचा लांबलचक मजकूर एकदम नजरेत घेते. त्यानंतर ही यंत्रं फार वेगाने सुधारली. आता ‘गार वारा येतोय’ म्हटलं तर खिडकीची गोष्ट त्यांनाही कळते. लाइबनिट्सला जी संदिग्धता काढून टाकायची होती, तिच्यातच ही यंत्रं पोहतात.

संस्कृत परंपरेत वाक्याचा अर्थ कळायला तीन गोष्टी लागतात असं सांगितलंय. आकांक्षा, म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते. नुसतं ‘घागर’ म्हणून थांबलात तर ऐकणारा ‘तिचं काय?’ म्हणून थांबतो. संनिधी, म्हणजे शब्द एकापाठोपाठ यावेत. ‘घागर’ आत्ता आणि ‘आण’ तासाभराने म्हटलं तर वाक्य होत नाही. आणि योग्यता, म्हणजे अर्थांचं एकमेकांशी जमावं. जुनं उदाहरण आहे ‘विस्तवाने शिंपतो’. व्याकरणात चूक नाही, पण विस्तवाने शिंपता येत नाही.

यंत्राकडे आकांक्षा आणि संनिधी भरभरून आहे. त्याची सगळी घडणच तशी आहे. योग्यतेपाशी मी अडखळतो. विस्तव आणि शिंपणं जमत नाही हे त्यालाही कळतं, पण त्याला कधी चटका बसलेला नाही. हे दोन शब्द माणसं सहसा एकत्र आणत नाहीत, त्यावरून त्याने ते ताडलंय. यात काही उणं आहे का? जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० मध्ये ‘आहे’ म्हणून सांगितलं. त्याची कल्पना अशी: एका बंद खोलीत चिनी न येणारा माणूस बसलाय. फटीतून चिनी चिठ्ठ्या येतात. नियमांचं बाड उघडून तो खुणांना खुणा जुळवतो आणि उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं आत चिनी जाणणारा बसलाय. आत कुणालाच चिनी येत नाही.

लुडविग विट्गेन्स्टाइनची वाट धरली तर मात्र प्रश्नच वेगळा दिसतो. हा माणूस तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी अभियंता होता. १९०८ मध्ये मँचेस्टरला विमानविद्या शिकायला गेला, विमानाच्या पंख्याच्या एका रचनेचं पेटंटही त्याने मिळवलं. उत्तरायुष्यात त्याने भाषेची तुलना हत्यारांच्या पेटीशी केली: हातोडा, पक्कड, करवत, पट्टी, सरस, खिळे. सरस आणि पट्टी यांत सारखं काय, तर दोन्ही पेटीत आहेत. शब्दांचंही तसंच. शब्दाचा अर्थ डोक्यात कुठे लपलेला नसतो, बहुतेक वेळा तो वापरात असतो. मग खोलीतल्या माणसाच्या डोक्यात डोकावून काय मिळणार? आपण विचारायचं ते हे, की यंत्र शब्दांचं काय करतं आणि आपण त्याच्या शब्दांचं काय करतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर १९६६ मध्येच मिळालं होतं. जोसेफ वायझेनबॉमने एमआयटीत एलायझा ही आज्ञावली लिहिली. ‘मला उदास वाटतंय’ म्हटलं की ती तुमचेच शब्द फिरवून ‘तुम्हाला उदास का वाटतंय?’ असं काहीसं विचारायची. आत जवळजवळ काहीच नव्हतं. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने ते काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर होताना पाहिलं होतं. तरी थोडा वेळ एलायझाशी बोलल्यावर तिने त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं, खासगी बोलायचंय म्हणून. वायझेनबॉम हादरला आणि पुढे आयुष्यभर या गोष्टींचा टीकाकार राहिला.

सांगणारा कोण?

आता बापाविना शब्दाकडे. इथे प्लेटोपेक्षा आपल्याकडचा एक जुना वाद मला जास्त उपयोगी वाटतो.

मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडितांचं म्हणणं, वेद अपौरुषेय आहेत. ते कुणीच रचलेले नाहीत, आणि म्हणूनच निर्दोष आहेत. शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्यामुळे: त्याचं अज्ञान, त्याचा लोभ, त्याची फसवायची इच्छा. बोलणाराच नसेल तर दोष येणार कुठून? नैयायिकांना, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाच्या पंडितांना, हे मान्य नव्हतं. न्यायसूत्रांत ज्ञानाचं साधन म्हणून ‘शब्द’ येतो तो ‘आप्ताचा उपदेश’ म्हणून. शब्दावर भरवसा ठेवायचा तो सांगणाऱ्यावरच्या भरवशामुळे. आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात सांगितलंय: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. कूळ नाही, पद नाही. जाणलंय का आणि खरं सांगायचंय का, एवढंच. (मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक कधी झाले कोण जाणे. वात्स्यायनाच्या कसोटीला सगळे नातेवाईक उतरतीलच असं नाही.)

यंत्राने रचलेलं वाक्य या वादात कुठे बसवायचं? बोलणारा नाही म्हणून ते अपौरुषेय म्हणावं, तर त्यातला प्रत्येक वळसा कुणा ना कुणा माणसाने कधीतरी लिहिलेल्या वाक्यातून आलाय, आणि त्या माणसांचं अज्ञान, लोभ, पूर्वग्रहही सोबत आलेत. बाप नाही म्हणावं तर बाप असंख्य आहेत, पण त्यांतला एकही हाक मारली तर ओ देणार नाही. नैयायिकांच्या कसोटीला लावावं, तर ‘स्वतः जाणलंय’ इथेच गाडी अडते. ‘जसं आहे तसं सांगण्याची इच्छा’ इथे तर मला प्रश्न कसा विचारावा हेच कळत नाही. यंत्र बनवणारे ती इच्छा त्यात घालायचा प्रयत्न करतात, आणि ते बरंचसं खरं सांगतंही. तरी आपण हळूहळू मीमांसक होत चाललोय असं मला दिसतं. स्क्रीनवर सफाईदार, शांत, कुणाचीच नसलेली भाषा दिसली की ती निःपक्षपाती वाटते. कुणाचा स्वार्थ नाही, म्हणजे खोट कशाला असेल? शेजारच्या माणसाने तेच सांगितलं असतं तर आपण निदान विचारलं असतं, ‘तुला काय माहीत?’

माहिती सांगणं हे भाषेचं एक काम झालं. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवलं की कित्येक वाक्यं काही कळवत नाहीत, करून टाकतात. ‘मी माफी मागतो’ म्हटलं की माफी मागून झालेली असते. ‘मी पैज लावतो’ म्हटलं की पैज लागते. मराठीला हे ऑस्टिनने शिकवायची गरज नव्हती. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, फिरवतो, कुणासाठी तरी शब्द टाकतो, शब्दाला जागतो. या सगळ्यात शब्द ही बोलणाऱ्याच्या मालकीची वस्तू आहे आणि ती देताना त्याचं काहीतरी पणाला लागतं.

फोनवर ताटकळत असताना ‘आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं ध्वनिमुद्रित वाक्य मी एकदा वीस मिनिटांत बारा वेळा ऐकलं. व्याकरण चोख, आवाज मधाळ. ते वाक्य खोटं होतं असंही म्हणवत नाही, कारण खोटं बोलायलाही कुणीतरी लागतं.

काही दिवसांपूर्वी एका जुन्या मित्राचा निरोप आला. त्याचे वडील गेले. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ‘भावपूर्ण’ एवढं टाइप केल्याबरोबर कळफलकाने वर ‘श्रद्धांजली’ काढून ठेवली. एक टिचकी मारायची की झालं. यंत्राला दोष द्यायला जागा नव्हती. या शब्दाला ती संगत लावली आम्हीच, हजारो जणांनी, न थांबता. मी ते पुसलं. थोडा वेळ बसलो आणि मनात होतं तेच लिहायचं ठरवलं. ‘काय लिहू’ एवढं झालं तोच वर ‘कळत’ आणि ‘नाही’ हजर. मनातलं वाक्यही यादीत होतं. ते शब्द मी टिचकी न मारता एकेक अक्षर दाबून लिहिले. त्याच्या स्क्रीनवर दोन्हींत काही फरक दिसला नसता. का तसं केलं, ते अजून नीट सांगता येणार नाही. मग तेही पाठवलं नाही, फोन लावला. त्याने उचलला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मीही नाही.